नेत्रतपासणी शिबिराच्या कार्डावर डोळ्याच्या दाबाचा आकडा हवा

प्रति,
मोफत नेत्रतपासणी शिबिरे भरवणारी गणेशोत्सव मंडळे, सहकारी पतसंस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रामपंचायती आणि सेवाभावी संस्था यांचे सर्व संयोजक

सप्रेम नमस्कार.

शासकीय रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही आपल्यापैकी अनेकांच्या शिबिरांत मी नंबर काढायला बसत आलो आहे. त्या नात्याने हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती अशी की, शिबिरात येणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येक व्यक्तीच्या दोन्ही डोळ्यांचा दाब मोजला जावा, तो आकडा कार्डावर लिहून तिच्या हाती दिला जावा, आणि त्या आकड्याचा अर्थ सांगू शकेल असा नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी तिथे असावा. ते शक्य नसेल तर तो कुठे आणि कोणत्या वारी भेटेल हे त्याच कार्डावर लिहिलेले असावे.

आपल्या शिबिरांची पद्धत मला चांगली ठाऊक आहे. सकाळपासून रांग लागते, सहा मीटरवर तक्ता टांगलेला असतो, नंबर काढला जातो, चाळिशीचे चष्मे वाटले जातात, बॅटरीच्या उजेडात मोतीबिंदू पाहिला जातो आणि ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे त्यांना गाडी करून रुग्णालयात नेले जाते. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडच्या नेत्रसेवेची सारी घडी मोतीबिंदूभोवती बसली आणि ते योग्यच होते, कारण अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण तोच होता व आजही आहे. या शिबिरांमुळे किती म्हाताऱ्या माणसांना पुन्हा आपल्या हाताने भाकरी करता आली, एकट्याने बसथांब्यापर्यंत जाता आले, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच मला असे मनापासून वाटते की, ज्या माणसांना आपण इतक्या कष्टाने मंडपापर्यंत आणतो, त्यांना काचबिंदूची, म्हणजे बहुधा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबाने दृष्टीची नस मारणाऱ्या आजाराची, शंकाही न घेता घरी पाठवणे बरोबर नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

त्याच मंडपात पलीकडच्या टेबलावर रक्तदाब आणि साखर तपासली जाते व दोन्ही आकडे कार्डावर लिहिले जातात. आज खेड्यातल्या बाईलाही आपले बीपी किती आणि उपाशीपोटी साखर किती हे तोंडपाठ असते. डोळ्याचा दाब किती, असे विचारले तर मात्र शिकलेली माणसेही गोंधळतात आणि ‘माझं बीपी नॉर्मल आहे’ असे उत्तर देतात. हा गैरसमज इतका सर्वत्र आहे की तो आधी दूर करायला हवा. रक्तदाब आणि डोळ्याचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सामान्य आहे म्हणून दुसरा सामान्य असेलच, असे मुळीच नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो. त्याचा अश्रूंशी संबंध नाही. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, हा द्रव आतल्या आत फिरतो. मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचा एक अगदी बारीक अंश, इतका तो झिरपतो, कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) आणि नेत्रभिंगाला पोषण देतो आणि कॉर्निया व बुबुळाचा रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून पुन्हा रक्तात जातो. नळ चालू असताना मोरी तुंबावी, तसे या जाळीचे झाले की द्रव साचतो आणि दाब चढतो. तो दाब मागे दृष्टीच्या नसेवर येतो आणि नसेचे धागे हळूहळू मरू लागतात. खुल्या कोनाच्या काचबिंदूत हे सारे दुखल्याशिवाय घडते. आधी कडेची दृष्टी जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे असा रुग्ण आपल्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचू शकतो. आपण त्याच्या कार्डावर ‘६/६’ लिहितो आणि तो समाधानाने घरी जातो. शिबिराची आजची पद्धत ज्या आजाराला हमखास चुकवते, तो आजार हाच.

भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये संशोधकांनी मांडला होता. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूमध्ये घरोघरी जाऊन झालेल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांच्यापैकी दहांत नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. हे लोक आपल्याच शिबिरांत येणाऱ्या लोकांसारखे आहेत: शेतमजूर, शिवणकाम करणाऱ्या बाया, निवृत्त कर्मचारी. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याचे कारण वाटत नाही, कारण त्यांना समोरचे दिसत असते.

आता या मागणीची जी बाजू सर्वांत जपून हाताळायला हवी, तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. डोळ्याचा सामान्य दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान मानला जातो. मात्र २१ ही मोठ्या लोकसंख्येच्या मोजणीतून काढलेली मर्यादा आहे. २१ च्या आत असलेला डोळा निरोगी आणि त्यापुढचा आजारी, असा तिचा अर्थ होत नाही. मदुराई आणि चेन्नई परिसरातील पाहण्यांत काचबिंदू आढळलेल्या अनेकांचा तपासणीच्या वेळचा दाब २१ च्या आतच होता. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेत १६३६ लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दाब वाढलेला पण नस अजून शाबूत असलेली माणसे घेतली होती. त्यांच्यापैकी ज्यांना औषध दिले नाही, त्यांच्यातल्या ९.५ टक्क्यांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. ज्यांना दाब कमी करणारे थेंब दिले, त्यांच्यात हे प्रमाण ४.४ टक्के राहिले. म्हणजे वाढलेला दाब दिसताच कोणालाही ‘तुम्ही आंधळे व्हाल’ असे सांगणे चुकीचे आहे, आणि दाब उतरवल्याने धोका निम्म्याहून खाली येतो हेही खरे आहे. डोळ्याशी संबंधित अनेक गोष्टी, जसे वय, आनुवंशिकता, कॉर्नियाची जाडी, आपल्याला बदलता येत नाहीत. बदलता येणारी गोष्ट दाब ही आहे आणि काचबिंदूचे सगळे उपचार तिच्यावरच चालतात.

कॉर्नियाच्या जाडीचा उल्लेख मी मुद्दाम केला. दाब मोजणारे बहुतेक उपकरण कॉर्नियाला बाहेरून दाबून आतला दाब ताडते. कॉर्निया पातळ असला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, जाड असला तर जास्त. नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तीस वर्षांवरील ४७११ लोकांची डोळ्यांची पाहणी झाली, तिच्यात कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० च्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक सापडते. आपल्या ग्रामीण रुग्णाचा १९ हा आकडा आणि परदेशी पुस्तकातल्या रुग्णाचा १९ हा आकडा नेमका सारखाच असेल, असे गृहीत धरू नये. चष्मा घालवण्यासाठी लेझर करून घेतलेल्या तरुणांच्या बाबतीत तर हे अधिकच लक्षात ठेवावे लागते, कारण त्या शस्त्रक्रियेत कॉर्निया पातळ केला जातो आणि पुढे आयुष्यभर त्यांचा दाब मोजताना कमीच दिसतो.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की, मग दाब मोजण्यात अर्थच काय? काही नेत्रतज्ज्ञही ‘नुसत्या दाबावर छाननी होत नाही’ असे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. दाबाबरोबर बाहुलीतून आत पाहून नसेचे मुख तपासलेच पाहिजे. त्यातला खोलगट भाग मोठा झालेला दिसला की दाब कितीही असो, त्या व्यक्तीला पुढच्या तपासण्यांसाठी पाठवायला हवे. परंतु ‘केवळ दाब पुरेसा नाही’ या वाक्याचा आपल्या शिबिरांत प्रत्यक्ष परिणाम असा झाला आहे की, दाबही मोजला जात नाही आणि नसही पाहिली जात नाही. पुरेसे नाही म्हणून आवश्यकही नाही, हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्याचा दाब ३४ आहे तो माणूस त्या दिवशी सापडला पाहिजे. शिवाय लिहून ठेवलेल्या आकड्याला काळाबरोबर किंमत येते. आज १४ असलेला दाब तीन वर्षांनी २० निघाला, तर दोन्ही आकडे ‘सामान्य’ असूनही ती वाढ पाहणाऱ्या डॉक्टरला सावध करते. पहिला आकडा कुठे लिहिलेलाच नसेल, तर हे कळणार कसे?

उपकरणांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ‘मशीन महाग असते’ हे उत्तर मला नेहमी ऐकावे लागते. नॉर्वेचे नेत्रतज्ज्ञ शिऑट्झ यांनी १९०५ मध्ये तयार केलेला टोनोमीटर, म्हणजे डोळ्याचा दाब मोजण्याचे उपकरण, विजेशिवाय चालतो, डबीत मावतो आणि माझ्या पिढीने त्याच्यावरच काम शिकले. रुग्णाला उताणे झोपवून, बधिर करणारा थेंब घालून, साडेपाच ग्रॅमचे वजन असलेला दांडा कॉर्नियावर टेकवायचा आणि काटा किती सरकतो ते पाहायचे. काटा ५ वर आला तर तक्त्यानुसार दाब १७.३, काटा ३ वर आला तर २४.४, काटा जितका कमी सरकेल तितका दाब जास्त, हे नव्या माणसाला पुन्हा पुन्हा बजावून सांगावे लागते. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यांत हे उपकरण दाब कमी दाखवते, आणि वापरण्याआधी ते धातूच्या चाचणी-पट्टीवर शून्य दाखवते ना, हे पाहावे लागते. आजच्या मापाने ते जुने झाले आहे. तरीही काहीच न मोजण्यापेक्षा, जाणत्या हातातला शिऑट्झ मला केव्हाही अधिक विश्वासाचा वाटतो.

सर्वांत भरवशाचे माप मात्र आजही स्लिट लॅम्पला (डोळा मोठा करून पाहण्याच्या टेबलावरच्या दुर्बिणीला) जोडलेल्या गोल्डमन टोनोमीटरचेच मानले जाते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात ते विकसित केले. डोळ्यात पिवळसर रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिले की हिरवी दोन अर्धवर्तुळे दिसतात आणि त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकतील इतका दाब देऊन आकडा वाचला जातो. हे उपकरण शिबिरात नेणे अवघड असते. पण त्याच तत्त्वावर चालणारे हातात धरायचे उपकरण मिळते, आणि अनेक खासगी दवाखान्यांत, इतकेच नव्हे तर मोठ्या चष्म्यांच्या दुकानांतही, हवेचा झोत सोडून दाब मोजणारे यंत्र असते. ते डोळ्याला टेकत नाही, थेंब लागत नाही आणि एका व्यक्तीला दोन मिनिटेही लागत नाहीत. शिबिरापुरते असे यंत्र चालकासह उपलब्ध करून द्यावे, अशी विनंती आपण स्थानिक नेत्रतज्ज्ञांना केली तर बरेच जण ती मान्य करतील, असा माझा अनुभव आहे. लहानशी टाचणीसारखी अग्रे वापरून क्षणभर कॉर्नियाला स्पर्श करणारे नवे उपकरणही आले आहे. त्यालाही बधिर करणारा थेंब लागत नाही, मात्र प्रत्येक रुग्णाला नवे अग्र लागते, त्याचा खर्च संस्थेने आधी धरावा.

गर्दीत घाईने घेतलेले माप फसवते. रुग्णाने डोळे घट्ट मिटण्याचा प्रयत्न केला, श्वास रोखला किंवा शर्टाचे गळ्याजवळचे बटण आवळलेले असले तरी दाब वाढलेला दिसतो. हवेच्या झोताला माणूस पहिल्यांदा दचकतोच, म्हणून तीन मापे घेऊन सरासरी धरावी आणि आकडा जास्त आला तर त्याला थोडा वेळ बसवून पुन्हा मोजावे. दिवसभरातही हा दाब काही मिलिमीटर वर-खाली होतो. त्यामुळे कार्डावर आकड्याशेजारी वेळ आणि उपकरणाचे नाव असलेच पाहिजे. सकाळी नऊचा झोताचा आकडा आणि दुपारी चारचा गोल्डमनचा आकडा यांची तुलना करणाऱ्या डॉक्टरला हे ठाऊक असायला हवे.

स्वच्छतेबाबत तडजोड नको. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आपण सर्वांनी पाहिली. डोळ्याला टेकणारे उपकरण नीट निर्जंतुक न करता पुढच्या माणसाला लावले, तर तोच संसर्ग आपल्या शिबिरातून पसरेल. ज्यांचे डोळे लाल आहेत, चिकटत आहेत, त्यांना टेकणाऱ्या उपकरणाने मोजूच नये, त्यांना बरे झाल्यावर बोलवावे.

क्रमालाही महत्त्व आहे. दाब बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधी मोजायचा असतो, आणि थेंब घालण्याआधी डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ तर नाही ना, हे बॅटरी बाजूने धरून पाहायचे असते. काही जणांचा, विशेषतः प्लस नंबर असलेल्या आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांचा, द्रव बाहेर जाण्याचा कोन मुळातच अरुंद असतो. अशा डोळ्यात न पाहता थेंब घातले तर कोन बंद होऊन काही तासांत दाब भयंकर चढू शकतो. डोळा लाल होतो, असह्य डोकेदुखी आणि उलट्या सुरू होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. संध्याकाळपर्यंत मंडप उतरलेला असतो, आणि ही बाई पित्ताच्या गोळ्या घेऊन रात्र काढते. शिबिरानंतर अशी लक्षणे दिसली तर तडक कोणाला फोन करायचा, हे प्रत्येक थेंब घातलेल्या व्यक्तीला लेखी दिलेच पाहिजे. हा कोन अरुंद आहे असे वेळीच कळले, तर लेझरने छोटेसे छिद्र पाडून तो झटका टाळता येतो.

दाब मोजणाऱ्याने रुग्णाला एक प्रश्न अवश्य विचारावा: डोळ्यांत कोणते थेंब घालता? खाज येते, लाली आली, म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणारी माणसे प्रत्येक शिबिरात भेटतात. त्यात शाळकरी मुलेही असतात. स्टिरॉइडने काही जणांचा दाब चढतो, डोळ्याला आराम वाटत असल्यामुळे संशय येत नाही आणि कळते तेव्हा नसेचे बरेच नुकसान झालेले असते. अशांच्या बाबतीत चाळिशीची अट लावू नये. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या डोळ्याला कधी मार लागला आहे, त्यांनाही वय न पाहता मोजावे. मोतीबिंदू ‘अजून पिकला नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांचा दाब तर आवर्जून मोजावा. कमी दिसण्याचे खापर मोतीबिंदूवर फुटत असताना काचबिंदू मागे शांतपणे काम करत असू शकतो, आणि फार पिकू दिलेला मोतीबिंदू स्वतःही दाब चढवतो.

शिबिर संपल्यानंतरच्या कामाबद्दल मला सर्वांत अधिक आग्रह धरायचा आहे. दाब जास्त निघाला, कार्डावर ‘तज्ज्ञांना दाखवा’ असे लिहिले आणि माणूस घरी गेला, तर बहुधा तो कुठेही जात नाही. त्याला दुखत नाही, दिसते आहे, आणि तालुक्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते. मोतीबिंदूच्या रुग्णासाठी आपण गाडी करतो. काचबिंदूच्या संशयिताला मात्र स्वतःच्या भरवशावर सोडतो. ज्यांचा दाब २१ च्या पुढे आहे किंवा नस संशयास्पद दिसली आहे, त्यांची वेगळी यादी करावी, त्यांच्यासाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवस आधीच मागून घ्यावा, त्या दिवशी त्यांना नेण्याची व्यवस्था करावी आणि महिनाभराने आपल्या एका कार्यकर्त्याने प्रत्येकाच्या घरी जाऊन चौकशी करावी. गावातील आशाताईंना ही यादी दिली तर हे काम सोपे होईल, कारण त्यांचे त्या घरी जाणे-येणे असतेच. थेंब सुरू झाले तर ते बहुधा आयुष्यभर, रोज, ठरलेल्या वेळी घालावे लागतात, आणि दृष्टी सुधारल्याचे काहीच जाणवत नसल्यामुळे माणसे बाटली संपली की थांबतात. ‘हे थेंब दृष्टी वाढवण्यासाठी नाहीत, आहे ती टिकवण्यासाठी आहेत’ एवढे वाक्य कोणीतरी त्यांना समजावून सांगायला हवे, आणि ते सांगणारा माणूस ओळखीचा असला की ते पटते.

शिबिराच्या अहवालात आपण किती चष्मे वाटले, किती जणांची तपासणी झाली हे आकडे देतो. त्यात दोन आकड्यांची भर घालावी: किती जणांचा दाब मोजला, आणि ज्यांना पुढे पाठवले त्यांच्यापैकी किती जण प्रत्यक्ष पोहोचले. दुसरा आकडा सुरुवातीला फार लहान येईल. तो जसा आहे तसा छापावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो वाढवण्याची जबाबदारी संस्थेला टाळता येणार नाही.

वेळेची अडचण मला मान्य आहे. एका दिवसात चारशे माणसे तपासण्याचा आग्रह धरला तर वरील काहीच नीट होणार नाही. माझी विनंती आहे की संख्या निम्मी करावी, शिबिर हवे तर दोन दिवसांचे करावे, पण चाळिशीपुढच्या माणसाला नुसता चष्मा देऊन परत पाठवू नये. शिबिराच्या किमान महिनाभर आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना आणि एखाद्या स्थानिक नेत्रतज्ज्ञाला भेटावे, उपकरण कोणाचे आणि मोजणार कोण हे तेव्हाच ठरवावे, आणि कार्ड छापायला टाकताना त्यावर उजव्या डोळ्याचा दाब, डाव्या डोळ्याचा दाब, वेळ, उपकरण आणि पुढच्या तपासणीची तारीख हे पाच रकाने घालून घ्यावेत. गणेशोत्सवाची शिबिरे ठरवण्याच्या बैठकांत हे पत्र वाचून दाखवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी